रोजच्या वापराचा लॅपटॉप

३ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे असं लिहायची पद्धत आहे, तर तेही लिहून टाकते. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव.

पाकीट बघून दचकू नकोस. हल्ली पोस्टातून काही आलं की माणसाला आधी कोर्टाची नोटीसच वाटते. तसं काही नाही. मला लॅपटॉप घ्यायचाय आणि त्यातलं तुझ्याइतकं कळणारं माझ्या माहितीत दुसरं कोणी नाही. सगळी नोकरी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काढलीस, पोरांनी मोडलेलं जोडत बसलास, त्याचा बहिणीला काही उपयोग नको का? फोनवर विचारलं असतं. पण तू फोनवर असलं सांगायला लागलास की मी नुसतं हो हो करते आणि फोन ठेवला की पाटी कोरी. लिहिलेलं हाताशी राहतं. शिवाय माझा फोन सध्या नीट चालत नाहीये. मागच्या दोन्ही रविवारी तुझा फोन वाजलेला कळला, पण घेता आला नाही. मनात काही आणू नकोस.

तर काय हवंय ते सांगते. बजेट बेताचं आहे. खोलीला रंग काढायचा म्हणून बाजूला टाकलं होतं, तेवढंच. भिंती काही पळून जात नाहीत. लॅपटॉप मात्र नवाच हवा. तू म्हणशील की ऑफिसातून निघालेला जुना, दणकट घे, त्यातच पैसे वसूल होतात. असेलही. पण ऐन वेळी तो बंद पडला तर मला चालणार नाही.

रोजच्या वापराचा हवा. म्हणजे सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत. चार्जिंगची वायर लावून भिंतीला चिकटून बसायला लागू नये. एका हातात धरून फिरता येईल इतका हलका असावा. उघडला की लगेच सुरू व्हावा, समोरचं माणूस ताटकळत उभं राहता कामा नये. टाइप करायला बटणं सुटसुटीत हवीत. आणि स्पीकर चांगला हवा. आवाज नुसता मोठा नको, स्पष्ट हवा. कॅमेरा, गेम, पिक्चरचं रंगीबेरंगी, यातलं काही नको.

बाकी इथलं नेहमीचंच. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मालकांनी नवी गाडी आणलीय. शिकाऊ माणसाच्या हाती नवी गाडी देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, पण त्यांची हौस. माझ्याकडे सध्या एक शिंपीणबाई आहेत, पन्नाशीच्या. दुकान स्वतःचं, कात्री अशी चालवतात की बघत राहावं. पण स्टिअरिंगला हात लावला की घामानं निथळतात. परीक्षेत तीनदा नापास झाल्यात. मला म्हणाल्या, "मॅडम, कापड चुकलं तर उसवता येतं हो. हे उसवता येत नाही." मी त्यांना सांगितलं की माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. सांगून सांगून थकले, पण गाडी हलली की त्या विसरतात.

इथे हवा कोरडी आहे, घसा जरा बसलाय. तेवढं सोडलं तर ठीक.

सवडीनं लिही. फार सवडीनं नको.

तुझी,
धाकटी


१८ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. चांगलं जाडजूड. मधल्या पानावर लॅपटॉपचं चित्र काढून बाण दाखवलेस ते फार कामाला आलं. दुकानात तेच पान घेऊन गेले होते.

सुरुवात 'प्रिय भोंग्यास' अशी केलीस. कित्येक वर्षांत हे नाव कागदावर पाहिलं नव्हतं. बाबांना ऐकू येईनासं झालं, तेव्हा घरातल्या प्रत्येकाचा निरोप मीच ओरडून त्यांच्या कानापर्यंत पोचवायचे. आई स्वयंपाकघरातून नुसती म्हणायची, "भोंग्याला सांगा." आणि नंतर याच गळ्यावर नोकरी लागली. मालक अजून सांगतात की मुलाखतीत त्यांनी मला काही विचारलंच नाही. मी रस्त्यावरून हाक मारून पत्ता विचारला, तेवढ्यावर घेतलं.

असो. तू लिहिलंस ते मी तीनतीनदा वाचलं. रॅम आठ जीबी पुरे, जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असेल तर हात लावायचा नाही, एसएसडीच घ्यायची म्हणजे उघडला की सुरू. प्रोसेसरच्या नव्या नावांना भुलायचं नाही. हे सगळं डोक्यात बसलं. स्पीकरबद्दल मात्र तू चेष्टा केलीस. 'ऑर्केस्ट्रा काढणार आहेस का? वेगळा स्पीकर घे, स्वस्तात मिळतो.' वेगळा नको, दादा. दोन वस्तू सांभाळायच्या म्हणजे एक घरी राहणार, आणि नेमकी तीच लागणार.

दुकान मोठं आहे, काचेचं. सगळे लॅपटॉप उघडून मांडलेले, एकेकाला साखळी. विक्रीला एक तरुण मुलगी होती. भावानं लिहून दिलंय म्हणत मी तुझं पान पुढे केलं तसं ती हसली. म्हणाली, "काका लॅबमध्ये होते का? आमच्या सरांचंही अक्षर असंच होतं." तिनं मला दोन दाखवले. दोन्हींची किंमत जवळपास सारखी. एकाची स्क्रीन ऐसपैस, दिसायला देखणा, पण जड. दुसरा लहान, करडा, नजरेत न भरणारा. मी म्हटलं आवाज ऐकव. तिनं गाणं लावलं. मी म्हटलं गाणं नको, कोणीतरी बोलतंय असं लाव. तिनं बातम्या लावल्या.

टेबलावर दोन्ही सारखेच वाटले. मग मी पिशवीतली शाल काढली, घडी घातली आणि लॅपटॉप तिच्यावर ठेवला. ती मुलगी बघत राहिली. मोठ्याचा आवाज एकदम बसला, उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. त्याचे स्पीकर पोटाखाली आहेत. लहानाचे बटणांच्या दोन बाजूंना, वर तोंड करून. त्याला शालीचं काही वाटलं नाही. पलंगावर, पांघरुणावर ठेवला तरी चालेल असं मी तिला म्हटलं. म्हणजे लहानच घ्यावा असं मनात आहे. स्क्रीन बारीक आहे, पण माझा चष्मा परवाच बदललाय. तुझं काय मत, ते लिही.

मागच्या आठवड्यात एक गंमत झाली. गंमत म्हणजे, झाली तेव्हा नव्हती. शिंपीणबाईंना घेऊन मोठ्या चौकात गेले होते. सिग्नल पिवळा झाला आणि त्यांनी गाडी थांबवायच्या ऐवजी पुढे काढली. डावीकडून ट्रक येत होता. मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. नुसती हवा. पायाखालचा ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी थांबली, दोघींच्या कपाळाला काही लागलं नाही. ट्रकवाला जे बोलायचं ते बोलून गेला. बाई मात्र शांत. थोड्या वेळानं मला म्हणतात, "तुम्ही ओरडला नाहीत, म्हणून मला वाटलं सगळं बरोबर चाललंय."

मालकांना मी हे सांगितलं. त्यांनी मला काही दिवस रस्त्यावर जाऊ नका म्हटलं. ऑफिसात बसून नियमांचा वर्ग घ्या, चिन्हं शिकवा, प्रश्नपत्रिका तयार करा. त्यासाठी लॅपटॉप लागेलच. तर झालं ते बरंच झालं.

घशाचं विचारलंस. औषध चालू आहे. वहिनींचा काढ्याचा कागद मिळाला, त्यांना सांग की करून घेतला.

तुझी,
धाकटी


२ एप्रिल

प्रिय दादा,

या वेळी तुझ्या पत्रात लॅपटॉपचं एक अक्षर नाही. 'पलंगावर कशाला? फोन का उचलत नाहीस? काय ते खरं लिही, नाहीतर मी निघून येतो.' एवढंच. शाई पण दोन ठिकाणी फुटलीय.

आधी सांगते की लॅपटॉप घेतला. लहानच. कसा घेतला ते लिहिते, म्हणजे बाकीचं त्यातच येईल.

दुकानात परत गेले तेव्हा तीच मुलगी होती. बिल करताना त्यांना काहीतरी भरावं लागतं, तिनं विचारलं, "मॅडम, मुख्य उपयोग कशासाठी? शिक्षण, ऑफिस की घरगुती?" मी म्हटलं, बोलायला. ती म्हणाली, "व्हिडिओ कॉल का?" मी म्हटलं, नाही, माझ्याऐवजी बोलायला. माझा आवाज तेव्हाही असा होता की तिला पुढे वाकून ऐकावं लागत होतं. तिला कळलं. मग तिनं काही न विचारता लॅपटॉप परत उघडला, सेटिंगमध्ये जाऊन लिहिलेलं वाचून दाखवणारा आवाज शोधला, आपल्या भाषेतला, आणि मला म्हणाली, "इथे काहीतरी लिहा." मी लिहिलं, 'पुढच्या वळणावर डावीकडे घ्या.' लॅपटॉपनं ते म्हटलं. बाईचा आवाज आहे. शांत, जरा नाकातला, कुठल्याच शब्दावर जोर न देणारा. असल्या आवाजात सांगितलं तर कोणी डावीकडे वळणार नाही. मी म्हटलं, चालेल.

तर ते असं आहे.

दिवाळखोर माणसासारखं मी तुझ्यापासून तोंड लपवत होते. घसा थंडीपासूनच बसला होता. मी म्हणायचे, दिवसभर ओरडून कोणाचा बसणार नाही? गुळण्या केल्या, काढा घेतला, बरं वाटल्यासारखं झालं आणि पुन्हा बसला. मग गिळताना टोचायला लागलं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून आत पाहिलं, तुकडा काढून तपासायला पाठवला. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तो रिपोर्ट माझ्या पर्समध्येच होता.

डॉक्टर माणूस चांगला आहे. फिरवाफिरव करत नाही. म्हणाला, "गाठ स्वरयंत्रात आहे आणि नुसत्या औषधानं किंवा किरणांनी आटोक्यात येईल अशी राहिली नाही. पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल. ते काढलं तर तुम्ही पुष्कळ वर्षं जगाल असं मला वाटतं." मी विचारलं, "आणि बोलणं?" तो म्हणाला, "या आवाजातलं नाही." पुढे एखादी झडप बसवून, नाहीतर गळ्याला यंत्र लावून बोलायला शिकता येतं म्हणे, पण सगळ्यांना जमतंच असं नाही आणि त्याला वेळ लागतो. श्वास घ्यायला इथे, मानेच्या खाली, एक भोक राहील. कायमचं. तो सांगत होता आणि मी त्याच्या टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत होते. मागच्याच महिन्याचं पान होतं. ते बदलायला सांगावं असं मला वाटत राहिलं.

आवाज आधी रेकॉर्ड करून ठेवतात, मग कॉम्प्युटर त्याच आवाजात बोलतो, असंही दवाखान्यातल्या एका बाईंनी सांगितलं. त्यासाठी आवाज चांगला असायला हवा. माझा ऐकून त्याच म्हणाल्या की उशीर झालाय.

तू विचारशील की मला काय वाटतंय. खरंच सांगते, काही नाही. हात खूप वेळ अंगाखाली राहिला की कसा होतो, आपलाच असतो पण उचलून बाजूला ठेवावा लागतो, तसं झालंय. कामं होतात. जेवते, झोपते, मालकांसाठी प्रश्नपत्रिका केल्या. मालकांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठून खिडकीशी गेले आणि बराच वेळ बाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नाही, त्यांच्याच गाड्या उभ्या असतात. मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं.

तुला फोनवर सांगायचं नव्हतं, कारण माझा आवाज ऐकून तू फोनवरच कोसळला असतास. आई गेली तेव्हा तुला सावरायला तीन माणसं लागली होती. आणि दुसरं म्हणजे, तू 'काय झालं?' असं विचारलं असतंस आणि मला ते मोठ्यानं म्हणावं लागलं असतं. अजून मी ते मोठ्यानं म्हटलेलं नाही. मालकांनाही रिपोर्टच दाखवला.

ऑपरेशन या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी आहे. फॉर्मवर कोणा नातेवाइकाची सही लागते. शेजारच्या कंपाउंडरबाई करते म्हणाल्यात. वहिनींचा गुडघा, तुझा रक्तदाब, इतक्या लांबचा प्रवास, सगळं मला माहीत आहे. येच असं म्हणत नाही.

पलंग दोन आहेत. गादी उन्हात घालून ठेवलीय.

तुझी,
धाकटी


२० मे

प्रिय दादा,

तू सुखरूप पोचल्याचा निरोप मिळाला. वहिनींना म्हणावं, तुमचा नवरा मी इथे उपाशी ठेवला नाही. उलट मी नळीनं जेवत होते आणि तो माझ्यासमोर बसून ब्रेड खात होता.

टाके पूर्ण सुकले. नळी काढली. आता मऊ केलेलं गिळता येतं. गळ्यावर तू आणलेला सुती रुमाल बांधते, खाली श्वास आत-बाहेर करत राहतो. वास मात्र येत नाही कशाचाच. कालचं दूध नासलेलं मला कळलं नाही, चहा फाटला तेव्हा कळलं.

लॅपटॉप चांगला निघाला. तू घालून दिलेली सगळी वाक्यं चालतात. एक बटण दाबलं की 'थोडं थांबा, मी लिहितेय', दुसरं दाबलं की 'मला ऐकू येतं, हळू बोला'. हे दुसरं सगळ्यात जास्त लागतं. मला बोलता येत नाही म्हटल्यावर लोक माझ्याशी ओरडून बोलतात. कोपऱ्यावरचा दुकानदार तर लॅपटॉपकडेच बघून बोलतो. त्याला वाकून सांगतो, "साखर संपली, उद्या येईल," आणि माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते. अक्षरं मोठी केलीत.

सोमवारपासून नियमांचा वर्ग घ्यायला लागले. पहिल्या दिवशी लॅपटॉपनं 'नमस्कार, बसा' म्हटलं तेव्हा मागच्या बाकावरच्या दोघी हसल्या. हसण्यासारखंच आहे ते. मी लिहिलं, 'मी शिकवायचे तेव्हा कोणाची हसायची हिंमत नव्हती.' ते त्यानं इतक्या थंडपणे म्हटलं की सगळा वर्गच हसला. मलाही हसू आलं असावं, कारण रुमाल हलला. आवाज काही झाला नाही.

शिंपीणबाई पास झाल्या, दुसऱ्या मास्तरांच्या हाताखाली. सांगायला घरी आल्या, स्वतः गाडी चालवत. तास-दीड तास त्याच बोलत होत्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "मॅडम, ते मास्तर काही बोलले की मी मनात ते तुमच्या आवाजात म्हणून घ्यायचे. त्याशिवाय पाय हलत नव्हता." मग गेल्या.

त्या रात्रीपासून तुला लिहायचं मनात आहे.

तू निघालास त्या दिवशी स्वयंपाकघरात नळ सोडून उभा होतास. भांडी आधीच घासून झाली होती. दादा, मला ऐकू येतं. नंतर बाहेर येऊन तू विचारलंस, "त्या दिवशी दाराशी तू काय बोलणार होतीस?" मी टाइप केलं आणि लॅपटॉप म्हणाला, "काही नाही. असंच." तुला ते पटलं नाही. मला दिसलं. पण टॅक्सी बाहेर आली आणि राहिलं.

तू त्या गोष्टीचा बाऊ करून बसला आहेस, म्हणून एकदा नीट लिहून टाकते. तू आल्यापासून दोन आठवडे मला एकच सांगत होतास, बोलू नकोस, घसा जप. मी काही विचारायला तोंड उघडलं की तुझा हात वर. मलाही सवय झाली होती. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी मी तुझ्याकडे वळले, तोंड उघडलं, आणि तू म्हणालास, "काही बोलू नकोस, त्रास होईल." सवयीनं. मी गप्प बसले, तीही सवयीनंच. मग आपल्या दोघांच्याही एकदम लक्षात आलं की आता जपण्यासारखं काही राहिलं नाही. तुझा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. तेवढ्यात वॉर्डातल्या मावशींनी दार ढकललं.

आत मावशी म्हणाल्या, "चपला काढा." मी विचारलं, "इथेच ठेवू?" त्या म्हणाल्या, "राहू द्या, मी ठेवते." मी म्हटलं, "नवीन आहेत." पुढे भूल देणाऱ्या डॉक्टरांनी नाव विचारलं तर मी मनगटावरची पट्टी दाखवली. तीच सवय, घसा जपायची. म्हणजे माझ्या आवाजातलं शेवटचं जे होतं, ते चपलांबद्दल. जन्मभर ओरडले आणि शेवटी एवढंच. यात तुझी काहीच चूक नाही, दादा. तू नको म्हणाला नसतास तरी मला ते म्हणता आलं असतं की नाही, मला माहीत नाही. रिपोर्ट आल्यापासून ते कोणालाच म्हटलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

आज सकाळी ते लॅपटॉपवर लिहिलं. वाचायचं बटण दाबायला बोट नेलं आणि मागे घेतलं. त्या बाईच्या आवाजात मला ते ऐकायचं नव्हतं. सगळं पुसलं, कागद शोधला. म्हणून हे पत्र हातानं आहे आणि अक्षर असं वेडंवाकडं आलंय. मी लिहीत असताना कागद दोनदा ओला झाला, तो बदलला नाही. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच असं झालं. रडतानासुद्धा आवाज होत नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

दाराशी मी म्हणणार होते, दादा, मला भीती वाटतेय. माझा हात धरून ठेव.

एवढंच होतं. तुला माझा आवाज माहीत आहे. हे वाचशील तेव्हा त्या आवाजात वाच. मोठ्यानं वाचलंस तरी चालेल, वहिनींना सांग घाबरू नका. आणि झालंच तर उत्तर दे. तेव्हा काय म्हणाला असतास ते लिही. उशीर झाला असं समजू नकोस, मला भीती अजून वाटतेय.

वाट पाहणारी,
तुझी बहीण